माहितीच्या वाटेचा नकाशा

आधार क्रमांकाच्या वितरणाचा देशातील प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी झाला. शहादा तालुक्यातील या लहानशा गावाचे नाव त्या दिवशी देशभर पोचले. त्यानंतरच्या काळात सात-बारा उतारा संगणकावर आला, शाळेचा पट संगणकावर आला, जन्माची नोंदही संगणकावर आली. गावपातळीवरील जवळजवळ प्रत्येक दाखल्याच्या मागे आता एखादी संगणकीय प्रणाली उभी आहे.

प्रणाली आली म्हणजे माहितीची वाट सर्वांना कळली, असे मात्र होत नाही. अर्ज कोठून येतो, कोणाकडे जातो, कोणत्या नोंदवहीत उतरतो आणि त्यातून काय बाहेर पडते, हे त्या टेबलावर अनेक वर्षे बसलेल्या कर्मचाऱ्यास तोंडपाठ असते. त्याची बदली झाली की ते ज्ञान त्याच्याबरोबर जाते. नव्याने आलेला कर्मचारी चाचपडत राहतो आणि दाखल्यासाठी आलेला ग्रामस्थ हेलपाटे घालतो. हे ज्ञान कार्यालयातच राहावे आणि ते सरपंचांपासून शिक्षकांपर्यंत कोणालाही वाचता यावे, यासाठी एक सोपी पद्धत उपलब्ध आहे. तिला माहिती-प्रवाह आकृती असे म्हणता येईल. ही आकृती काढण्यासाठी आज अनेक सॉफ्टवेअर मिळतात. त्यांतील कोणते निवडावे आणि ते कसे वापरावे, याचा विचार येथे करावयाचा आहे. उदाहरणासाठी नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट हे गाव आणि त्या गावातील कुटुंबांशी निगडित अशी जन्मनोंदणीची सेवा घेतली आहे.

आकृतीची चार चिन्हे

कामाच्या पायऱ्या चित्राने दाखविण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकन अभियंता फ्रँक गिलब्रेथ यांनी १९२१ मध्ये अशा तक्त्याची पद्धत अभियंत्यांपुढे मांडली. तो तक्ता कामाचा क्रम दाखवीत असे : आधी हे, मग ते. पुढे संगणकाचा प्रसार झाल्यावर क्रमापेक्षा माहितीच्या वाटेकडे लक्ष देणे अधिक उपयोगाचे आहे, असे प्रणाली-विश्लेषकांच्या ध्यानात आले. लॅरी कॉन्स्टंटाइन, एडवर्ड युर्डन, टॉम डीमार्को, ख्रिस गेन आणि ट्रिश सार्सन यांच्या लेखनातून १९७० च्या दशकात माहिती-प्रवाह आकृतीला आजचे रूप मिळाले.

या आकृतीत चारच चिन्हे असतात. पहिले बाह्य घटकाचे. म्हणजे जो माहिती देतो किंवा घेतो, परंतु आपल्या कामाच्या कक्षेबाहेर असतो तो. ग्रामपंचायतीच्या दृष्टीने कुटुंब हा बाह्य घटक होय. तो चौकोनाने दाखवितात. दुसरे प्रक्रियेचे, म्हणजे माहितीवर होणारे काम, जसे अर्ज तपासणे किंवा नोंद करणे. डीमार्को व युर्डन यांच्या पद्धतीत त्यासाठी वर्तुळ काढतात, तर गेन व सार्सन यांच्या पद्धतीत गोलसर कोपऱ्यांचा आयत. तिसरे माहितीसाठ्याचे, म्हणजे जेथे माहिती जपून ठेवली जाते ती नोंदवही, फाइल किंवा संगणकीय संग्रह. त्यासाठी दोन समांतर रेषा किंवा एका बाजूने उघडा आयत वापरतात. चौथे प्रवाहाचे, म्हणजे बाणाचे. प्रत्येक बाणावर त्यातून काय जाते त्याचे नाव लिहिलेच पाहिजे. दोन्ही पद्धती सारख्याच उपयुक्त आहेत. मात्र एका कार्यालयाने एकच पद्धत घ्यावी आणि ती अखेरपर्यंत पाळावी.

या आकृतीत ‘होय’ आणि ‘नाही’ असे फाटे नसतात, वेळ नसते आणि क्रमही नसतो. कोण आधी आणि कोण नंतर, हे ती सांगत नाही. काय, कोठून, कोठे, एवढेच सांगते. या साधेपणामुळेच संगणकाची ओळख नसलेल्या पंचायत सदस्यालाही ती पाच मिनिटांत समजू शकते.

कोरीटची जन्मनोंदणी : पहिले चित्र

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. त्यात २०२३ मध्ये महत्त्वाची सुधारणा होऊन ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना, पारपत्र, शासकीय नेमणूक यांसारख्या कामांसाठी जन्मतारीख व जन्मस्थान सिद्ध करण्याचा आधार म्हणून जन्म प्रमाणपत्राचा उपयोग व्हावयाचा आहे. यामुळे खेड्यातील या एका नोंदीचे महत्त्व पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले आहे. आमच्या पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी आहे. ती गुरुजींनी सोयीसाठी लिहिलेली असे. आजच्या बालकांना तशी सोय पुरणार नाही.

आकृतीचा प्रारंभ सर्वांत वरच्या पातळीपासून करतात. कागदाच्या मध्यभागी एकच वर्तुळ काढावे आणि त्यात ‘जन्मनोंदणी, कोरीट’ असे लिहावे. भोवती बाह्य घटकांचे चौकोन मांडावेत. एक चौकोन कुटुंबाचा. घरी प्रसूती झाल्यास कुटुंबप्रमुखाने २१ दिवसांच्या आत खबर द्यावयाची असते. दुसरा चौकोन गावाच्या हद्दीत एखादा दवाखाना असल्यास त्याचा, कारण तेथील जन्माची खबर देण्याची जबाबदारी दवाखान्याच्या प्रमुखावर असते. तिसरा चौकोन विलंबित नोंदीस परवानगी अथवा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचा. चौथा जिल्हा निबंधकाचा, ज्यांच्या कार्यालयाकडे सांख्यिकी माहिती जाते.

आता बाण काढावेत. कुटुंबाकडून वर्तुळाकडे ‘जन्माची खबर’. वर्तुळाकडून कुटुंबाकडे ‘जन्म प्रमाणपत्र’. नोंद पूर्ण झाल्यावर सात दिवसांच्या आत हे प्रमाणपत्र खबर देणाऱ्यास विनामूल्य मिळावयास हवे. वर्तुळाकडून जिल्हा निबंधकाकडे ‘सांख्यिकी माहिती’. अधिकाऱ्याकडून वर्तुळाकडे ‘विलंबित नोंदीची परवानगी’. एवढे झाले की पहिली आकृती पूर्ण झाली.

या चित्रात शाळेचा चौकोन नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईल. प्रमाणपत्र शाळेत जाते हे खरे. परंतु ते कुटुंबाच्या हातून जाते. दोन बाह्य घटकांमधील देवघेव आपल्या कक्षेत येत नाही, म्हणून ती आकृतीत काढत नाहीत. हा नियम प्रथमदर्शनी कोरडा वाटेल. तथापि त्यातून शिक्षकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते : शाळा आणि निबंधक यांच्यामध्ये थेट वाट नाही. मधला दुवा तुटला, म्हणजे कुटुंबाने प्रमाणपत्र घेतलेच नाही किंवा हरवले, तर शाळेला नोंदीचा पत्ता आपोआप लागणार नाही.

न काढलेला बाण

या आकृतीचे खरे मोल येथे दिसते. जन्माची नोंद कुटुंब राहते त्या गावी होत नसून जन्म जेथे झाला त्या ठिकाणी होते. कोरीटमधील माता नंदुरबार शहरातील दवाखान्यात प्रसूत झाली, तर नोंद त्या ठिकाणच्या निबंधकाकडे होते. प्रसूती सूरतच्या दवाखान्यात झाली, तर नोंद गुजरात राज्यात होते. नंदुरबार जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दर वर्षी ऊसतोडीसाठी व इतर मजुरीसाठी गुजरातमध्ये जातात. त्या हंगामात पडावावर मूल जन्मले, तर नोंदीचे ठिकाण ते गाव होय. चालत्या वाहनात जन्म झाला, तर वाहन प्रथम जेथे थांबते ते ठिकाण नियमाने जन्मस्थान धरले जाते. डोंगराळ भागातून रुग्णवाहिकेने येणाऱ्या मातांच्या बाबतीत हा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

अशा सर्व जन्मांचा एकही बाण कोरीटच्या वर्तुळाकडे येत नाही. सहा वर्षांनी ते मूल पहिलीत येते. शाळा दाखला विचारते. पालक ग्रामपंचायतीत जातात. नोंदवही पाहिली जाते आणि ‘नोंद आढळत नाही’ असे उत्तर मिळते. ते उत्तर खरे असते, परंतु अपुरे असते. नोंद नसणे आणि नोंद येथे नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या बाबतीत विलंबित नोंदीचा मार्ग धरावा लागतो. दुसऱ्या बाबतीत योग्य ठिकाणच्या निबंधकाकडून प्रमाणपत्र मिळवावे लागते. चुकीचा मार्ग धरला तर एकाच मुलाची दोन ठिकाणी नोंद होण्याचा धोका उद्भवतो आणि पुढे पारपत्रापासून नोकरीपर्यंत अडचणी येतात.

भिंतीवर आकृती लावलेली असेल, तर टेबलावरील कर्मचाऱ्याच्या तोंडून पहिला प्रश्न आपोआप येईल : ‘बाळाचा जन्म कोठे झाला?’ या एका प्रश्नाने कुटुंबाच्या कित्येक फेऱ्या वाचू शकतात. शिक्षकांनीही येथे एक कायदा लक्षात ठेवावा. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमानुसार वयाचा पुरावा नाही या कारणास्तव कोणत्याही बालकाला प्राथमिक शिक्षणासाठी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. दाखल्याचा शोध चालू असताना मूल वर्गात बसलेले असले पाहिजे.

दुसरी पातळी

पहिल्या चित्रातील एकाच वर्तुळाची फोड करून दुसरी आकृती काढतात. कोरीटच्या उदाहरणात सहा प्रक्रिया पुरेशा होतील : १ खबर स्वीकारणे व तपासणे, २ विलंबाची परवानगी पडताळणे, ३ नोंद करणे, ४ प्रमाणपत्र देणे, ५ बाळाचे नाव भरणे व दुरुस्ती करणे, ६ सांख्यिकी माहिती पाठविणे. मध्ये एक माहितीसाठा येईल : जन्मनोंदींचा संग्रह. तिसऱ्या प्रक्रियेतून नोंद या साठ्यात जाते. चौथी प्रक्रिया तेथूनच माहिती घेऊन प्रमाणपत्र तयार करते. पाचवी प्रक्रिया अनेकदा विसरली जाते. नामकरणापूर्वी नोंद झाली असल्यास बाळाचे नाव पुढे भरता येते. नोंदीपासून बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. नावाचा रकाना कोरा असलेली प्रमाणपत्रे घरोघरी पेटीत पडून असतात, त्यांच्यासाठी ही वाट आहे.

येथे एक महत्त्वाचा नियम पाळावा लागतो. पहिल्या आकृतीतील वर्तुळात जेवढे बाण आत जातात आणि बाहेर येतात, तेवढेच बाण दुसऱ्या आकृतीच्या कडांवर दिसले पाहिजेत. हा जमाखर्चाचा मेळ होय. मेळ बसला नाही, तर कोठेतरी माहिती हरवली आहे किंवा विनाकारण मागितली जात आहे, असे समजावे. आपल्याच उदाहरणात पाचव्या प्रक्रियेसाठी कुटुंबाकडून ‘नाव भरण्याचा अर्ज’ येतो. तो पहिल्या आकृतीत आपण काढला नव्हता. मेळ पाहताच ही उणीव लक्षात येते आणि वरच्या चित्रात एक बाण वाढवावा लागतो. याच रीतीने पुढे एखाद्या प्रक्रियेची आणखी फोड करता येते. दुसऱ्या प्रक्रियेची फोड २.१, २.२ अशा क्रमांकांनी होईल : २१ दिवसांनंतर ३० दिवसांपर्यंत केवळ विलंब शुल्क, त्यापुढे एका वर्षापर्यंत सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश.

काही ठळक चुका टाळाव्यात. ज्या प्रक्रियेत माहिती जाते पण तिच्यातून काहीच बाहेर येत नाही, तेथे अर्ज गडप होतात. जिच्यात काहीच जात नाही पण दाखला बाहेर पडतो, ती प्रक्रिया कोणाच्या तरी मनातील अंदाजावर चालते आहे. एका साठ्यातून दुसऱ्या साठ्यात थेट बाण काढू नये. एका नोंदवहीतून दुसरीत माहिती आपोआप जात नाही, कोणीतरी ती उतरवितो, आणि ते काम प्रक्रिया म्हणून दाखविले पाहिजे. बाणावर ‘माहिती’ किंवा ‘कागदपत्रे’ असे मोघम शब्द लिहू नयेत. प्रक्रियेचे नाव क्रियावाचक असावे. ‘कार्यालय’ किंवा ‘साहेब’ ही प्रक्रिया नव्हे.

साधन निवडण्याच्या कसोट्या

अशी आकृती काढण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? बाजारात नावे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची जाहिरातही आकर्षक आहे. ग्रामपंचायत, शाळा आणि तालुका कार्यालय यांच्या गरजा ध्यानात घेऊन पाच कसोट्या लावता येतील.

पहिली कसोटी मराठीची. सॉफ्टवेअरने युनिकोड देवनागरी नीट दाखविली पाहिजे, आणि पडद्यावर दाखविली एवढ्याने भागत नाही. छापील प्रतीतही ती शाबूत राहिली पाहिजे. ‘प्रमाणपत्र’, ‘मृत्यू’, ‘दुरुस्ती’, ‘नोंदणीक्रमांक’ हे चार शब्द चौकोनात लिहावेत, आकृती पीडीएफ स्वरूपात काढावी आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. जोडाक्षरे सुटली किंवा वेलांट्या जागा सोडून गेल्या, तर ते साधन किंवा तो टंक आपल्या कामाचा नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत मजकूर कधीही लिहू नये. तो टंक नसलेल्या संगणकावर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात.

दुसरी कसोटी बाणांची. चौकोन हलविला की त्याला जोडलेला बाण त्याच्याबरोबर हलला पाहिजे. साध्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये बाण ही केवळ रेघ असते. एक चौकोन सरकवला की सर्व बाण पुन्हा काढावे लागतात, आणि मग दुरुस्तीचा कंटाळा येऊन आकृती जुनीच राहते.

तिसरी कसोटी इंटरनेटची. सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा डोंगरात जोडणी खंडित होणे नवे नाही. केवळ जोडणीवर चालणारे साधन हे मुख्य साधन असू नये.

चौथी कसोटी वारशाची. आज आकृती काढणारा उद्या बदलून जाईल. त्याच्या जागी येणाऱ्याला ती फाइल उघडता आणि बदलता आली पाहिजे. फाइल खुल्या स्वरूपात असावी आणि कोणाच्या खासगी खात्यात अडकलेली नसावी. भारत सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आणि २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले, त्यामागील हेतूही हाच होता.

पाचवी कसोटी खर्चाची. केवळ खरेदीचा खर्च पाहू नये. दर वर्षी वर्गणी भरावी लागते का आणि वर्गणी थांबल्यास जुन्या आकृत्या दुरुस्त करता येतात का, हे विचारावे.

उपलब्ध साधने

या कसोट्यांवर काही परिचित साधने पाहू. लिब्रे ऑफिस या विनामूल्य संचातील ‘ड्रॉ’ हा भाग अनेक संगणकांवर आधीच असतो. त्याची पडद्यावरील सूचनांची भाषा मराठी ठेवता येते, बाण चौकोनाला चिकटतात, एका फाइलमध्ये अनेक पाने ठेवता येतात आणि फाइल खुल्या मानकातील असते. माहिती-प्रवाह आकृतीसाठी वेगळा चिन्हसंच नसला, तरी चारच चिन्हे लागत असल्याने ती एकदा तयार करून ठेवली की काम भागते.

‘ड्रॉ डॉट आयओ’ हे दुसरे विनामूल्य साधन खास आकृत्यांसाठीच आहे. ते संकेतस्थळावर चालते, तसेच संगणकावर उतरवून घेतल्यास इंटरनेटशिवायही चालते. त्यात तयार चिन्हे मिळतात, प्रत्येक पातळीसाठी वेगळे पान करता येते आणि एका प्रक्रियेवर टिचकी मारली असता तिच्या फोडीचे पान उघडेल, अशी जोडणीही करता येते. कोरीटसारख्या गावासाठी अथवा तालुक्याच्या कार्यालयासाठी या दोहोंपैकी एक पुरेसे आहे.

मायक्रोसॉफ्टचे ‘व्हिजिओ’ हे जुने आणि समर्थ साधन होय. त्यात या आकृतीचे तयार साचे आहेत. परंतु ते विकत घ्यावे लागते. कार्यालयाकडे ते आधीच असेल तर अवश्य वापरावे. केवळ या कामासाठी घेण्याची गरज नाही. ‘ल्युसिडचार्ट’सारखी साधने अनेकांनी एकाच वेळी एकाच आकृतीवर काम करण्यास सोयीची आहेत, मात्र ती जोडणीवर अवलंबून असतात आणि त्यांच्या विनामूल्य वापरावर मर्यादा असते. ‘व्हिज्युअल पॅराडाइम’सारखी साधने प्रक्रियेची फोड करताना वरच्या पातळीवरील घटक खाली आणून देतात. मोठ्या प्रणालीची उभारणी करणाऱ्या संगणकतज्ज्ञांना ती उपयोगी पडतात. ‘ग्राफव्हिज’ या विनामूल्य साधनात चित्र काढावे लागत नाही; कोण कोणाशी जोडले आहे हे मजकुरात लिहिले की आकृती तयार होते. ज्यांना आज्ञावली लिहिण्याची सवय आहे त्यांच्यासाठी ते चांगले आहे.

कोणतेही साधन घेतले तरी एक गोष्ट विसरू नये. चौकोन आणि बाण सुबक आले म्हणजे आकृती बरोबर आली, असे नव्हे. बाणावर चुकीचे नाव लिहिले तर बहुतेक सॉफ्टवेअर ते निमूटपणे स्वीकारतात. ‘हा कागद खरोखर येथे येतो का?’ हा प्रश्न माणसानेच विचारावयाचा असतो.

वापराची रीत

म्हणून आरंभ संगणकापासून करू नये. प्रथम मोठा कागद व पेन्सिल घ्यावी. ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच, मुख्याध्यापक, आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका आणि नुकताच दाखला काढलेले एखादे पालक यांना एकत्र बसवावे. एका बाळाच्या खबरीचा माग सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढावा आणि प्रत्येक टप्प्यावर विचारावे : येथे कोणता कागद येतो, कोणता जातो, कोठे लिहिला जातो? नियमपुस्तकात काय आहे आणि प्रत्यक्षात काय घडते, यांत फरक आढळल्यास दोन्ही टिपून ठेवावेत. भिलोरी, पावरी, गुजरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या पालकांशी त्यांच्याच बोलीत बोलले, तर माहितीची खरी वाट अधिक लवकर कळते.

त्यानंतर आकृती संगणकावर उतरवावी. एका पानावर साधारण सात प्रक्रियांपेक्षा अधिक घेऊ नयेत. रंगांवर विसंबू नये, कारण कार्यालयातील प्रत बहुधा काळीपांढरीच निघते. पालकांना देण्याच्या सूचना, जसे ‘दवाखान्यातील जन्म : त्या ठिकाणच्या निबंधकाकडे जावे’, आकृतीत मिसळू नयेत. लिब्रे ऑफिस ड्रॉ आणि ड्रॉ डॉट आयओ या दोन्हींमध्ये वेगळा थर करण्याची सोय आहे. सूचना त्या थरावर ठेवल्यास मूळ आकृती स्वच्छ राहते आणि भिंतीवरच्या प्रतीत दोन्ही एकत्र छापता येतात.

बाह्य घटकांना व प्रक्रियांना नावे देताना व्यक्तीचे नाव लिहू नये, आणि शक्यतो पदनामही लिहू नये, भूमिका लिहावी. २०२४ मध्ये ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे पदनाम देण्यात आले, तर तलाठ्यांना ‘ग्राम महसूल अधिकारी’ हे नाव मिळाले. ज्या आकृतीत ‘निबंधक’ असे लिहिले होते तिच्यात काहीच बदलावे लागले नाही.

कायदा बदलला की आकृती त्याच आठवड्यात बदलावी. एक वर्षानंतरच्या नोंदीसाठी पूर्वी प्रथम वर्ग दंडाधिकारी अथवा महानगर दंडाधिकारी यांचा आदेश लागत असे. २०२३ च्या सुधारणेनंतर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. आकृतीत हा एका चौकोनाचा बदल आहे. तो केला नाही, तर कुटुंब न्यायालयाच्या आवारात विनाकारण दिवस घालवील. म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आकृतीचा दिनांक आणि ज्या नियमावर ती आधारलेली आहे त्याचे वर्ष लिहावे. बदलता येण्याजोगी मूळ फाइल व पीडीएफ प्रत, दोन्ही जपाव्यात. एक संच ग्रामपंचायतीत, एक पंचायत समितीत आणि एक कार्यालयाच्या अधिकृत साठ्यात ठेवावा. कार्यभार हस्तांतरित करताना नोंदवह्यांच्या यादीत या फाइलचाही समावेश करावा.

गोपनीयतेचे भान

जन्माच्या अहवालाचे दोन भाग असतात. कायदेशीर भागात बाळाचा जन्मदिनांक, जन्मस्थान, आईवडिलांची नावे अशी माहिती येते. २०२३ च्या सुधारणेनुसार उपलब्ध असल्यास आईवडिलांचा व खबर देणाऱ्याचा आधार क्रमांकही येतो. सांख्यिकी भागात धर्म, शिक्षण, व्यवसाय अशा बाबी असतात. त्या मोजणीसाठी असतात आणि प्रमाणपत्रावर छापल्या जात नाहीत. आकृतीत हे दोन बाण वेगळे दाखविले, की कोणती माहिती कोठपर्यंतच जावी हे डोळ्यांना दिसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने नागरिकाच्या माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यांवर टाकली आहे. माहिती कोठे कोठे जाते हे ज्या कार्यालयाला रेखाटता येत नाही, त्याला ती जपता येणेही कठीण. उदाहरण म्हणून भरलेला खरा अर्ज आकृतीला जोडू नये आणि संकेतस्थळावरील साधनात तर मुळीच चढवू नये. आकृतीला रिकामा नमुना पुरतो.

ही पद्धत जन्मनोंदणीपुरती मर्यादित नाही. फेरफाराची नोंद, घरपट्टीची आकारणी, शिष्यवृत्तीचा अर्ज, पाणीपुरवठ्याची तक्रार, या सर्वांच्या वाटा चार चिन्हांनी रेखाटता येतात. तथापि एकदम सर्व कामे हाती घेण्याऐवजी प्रत्येक ग्रामपंचायतीने ज्या एका सेवेसाठी लोकांना सर्वाधिक फेऱ्या माराव्या लागतात ती निवडावी, तिची पहिली पातळी एका बैठकीत कागदावर काढावी आणि पुढील ग्रामसभेत लोकांसमोर ठेवावी. ‘आमचा कागद येथे अडतो’ असे एखाद्या ग्रामस्थाने त्या चित्रावर बोट ठेवून सांगितले, तर आकृतीचा उद्देश सफल झाला असे समजावे. त्या बोटाखालचा बाण दुरुस्त करणे हे त्यापुढचे काम.